सोंडेचे मास्तर

मास्तरांनी आयुष्यात कुणाला पाढेसुद्धा शिकवले नव्हते. त्यांनी एकतीस वर्षं पाणीखात्यात नोकरी केली, आणि ती पाण्याचा वास घेण्याची. ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, पगार मिळायचा का? मिळायचा, आणि वेळेवर मिळायचा. पाणी नळाला सोडण्याआधी काचेच्या चंबूत घ्यायचं, हाताला कोमट लागेल इतकं तापवायचं, झाकण सरकवून नाक आत न्यायचं आणि वहीत लिहायचं: माती, चार. शेवाळ, सहा. मासळी, दोन. शून्य म्हणजे काहीच नाही आणि बारा म्हणजे तोंड फिरवून पळा. एवढंच काम, पण ते होईपर्यंत मोठे मोठे साहेब त्यांच्या खोलीबाहेर हात मागे बांधून उभे राहायचे, कारण मास्तरांनी मान हलवल्याशिवाय शहराला पाणी सुटत नसे.

या नाकापायी घराने बरंच सोसलं. एकतीस वर्षं घरात वासाचा साबण आला नाही, पावडर आली नाही, आणि मास्तर बाहेर पडेपर्यंत सकाळी कधी फोडणी बसली नाही. "माझी सवत आहे ती," असं बायको त्यांच्या नाकाकडे बोट दाखवून सांगायची, आणि पाहुणे हसले की तीही हसायची. मूलबाळ नव्हतं. तीन माणसांचा संसार होता म्हणा, ती, ते आणि नाक. बायको जाऊन आता सव्वा वर्ष झालं होतं.

'मास्तर' हे नाव त्यांना निवृत्तीनंतर मिळालं, कंपनीत. कंपनी म्हणजे बंदरामागच्या गल्लीत, बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यावरच्या चार खोल्या. ती काढली होती एका तिशीतल्या उत्साही माणसाने. त्याला आधी समुद्रातलं सगळं प्लास्टिक गोळा करायचं होतं. सगळं! त्यासाठी त्याने बोट घेतली, तिला मागे मोठं जाळं लावलं आणि पहिल्याच आठवड्यात दोन ट्रक भरतील इतक्या पिशव्या आणि बाटल्या बाहेर काढल्या. दुसऱ्या आठवड्यात ते जाळं बोटीच्याच पंख्यात अडकलं आणि बोट खाडीच्या मधोमध अडून बसली. कोळ्यांनी दोर लावून तिला काठाला आणलं आणि वर त्याला 'कप्तान' ही पदवी बहाल केली. ती जी चिकटली, ती कायमची.

कप्तान 'पडलो तरी नाक वर' म्हणणाऱ्यातला होता. त्याने ठरवलं, दिसणारं प्लास्टिक कुणीही उचलेल, पण जे पाण्यात विरघळतं आणि दिसत नाही त्याचं काय? शहर पाणी पीत होतं ते समुद्राचंच, किनाऱ्यावरच्या मोठ्या कारखान्यात गोडं केलेलं. मग तो एक यंत्र बनवायला बसला. कारखान्यात शिरण्याआधीच समुद्राच्या पाण्याचा वास घेऊन यंत्राने सांगायचं, आज तेल आहे, आज गटार सुटलंय, आज उन्हात कुजलेल्या प्लास्टिकचा अंश आहे, पाणी आत घेऊ नका. यंत्राला पुढे लांब करडी नळी होती, म्हणून सगळे त्याला सोंड म्हणायचे. आता सोंडेला वास तर येत होते, पण कुठला वास म्हणजे काय, हे तिला कोण सांगणार? त्यासाठी कधी न चुकणारं नाक हवं होतं. असे आपले मास्तर तिचे मास्तर झाले, त्याला आता तीन वर्षं झाली होती.

शिकवणीची पद्धत सोपी होती. रोज दहा चंबू. मास्तरांनी एका पांढऱ्या, बिनखिडकीच्या खोलीत एकट्याने बसून वास घ्यायचा आणि आकडे लिहायचे. तेच पाणी शेजारच्या खोलीत सोंडेने हुंगायचं. मग इंजिनीअरने दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. इंजिनीअर म्हणजे सत्तावीस वर्षांची एक हडकुळी मुलगी, जी डबासुद्धा पडद्याकडे बघत खायची. आकडे जुळले तर उत्तम. नाही जुळले तर सोंड चुकली, तिला पुन्हा शिकवायचं. मास्तर चुकतील अशी सोयच त्या पद्धतीत ठेवलेली नव्हती.

आणि गेले आठ महिने मास्तरांना कसलाही वास येत नव्हता.

झालं होतं साधं पडसं. आठवडाभर नाक गळलं, डोकं दुखलं आणि सगळं बरं झालं, फक्त वास परत आला नाही. येईल म्हणून मास्तरांनी वाट पाहिली. एके दिवशी नासलेलं दूध पिऊन झाल्यावर पेल्याच्या तळाशी गाठी दिसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी रॉकेलची बाटली नाकाला लावली. बाटलीत रॉकेल आहे की पाणी, काही कळायला मार्ग नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वयाचंही असेल. येईल कदाचित, नाहीही येणार." फी घेऊन इतकं तर कुणीही सांगितलं असतं.

तेव्हाच कंपनीत सांगायला हवं होतं. मास्तर सांगायला निघालेही होते. पण जिना चढून वर गेले तेव्हा इंजिनीअर दारातच उभी होती आणि म्हणाली, "आलात? मी वाटच बघत होते." बस, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. घरी आता कुणी त्यांची वाट बघत नव्हतं. सकाळी उठलं की दोन खोल्यांत आपल्याच चपलांचा आवाज. रविवारी धाकट्या मेहुणीचा फोन यायचा, तोही तब्येत, जेवण, औषध असा क्रमाने उरकायचा. जगात एकच दार होतं जिथे दहाच्या ठोक्याला कुणीतरी 'आलात?' म्हणायचं. ते दार त्यांना मिटू द्यायचं नव्हतं. यात फार मोठं तत्त्व नव्हतं. माणूस एकटेपणाला घाबरतो, तसे ते घाबरले.

मग सुरू झाली हुशारी. नाक सोडून बाकी सगळं मास्तर कामाला लावू लागले. पाण्याच्या बाटल्या रोज किनाऱ्यावरून भरून आणायचा तो बाटलीवाला, पन्नाशीचा, पोटाचा घेर सांभाळत जिना चढणारा आणि बोलायला लागला की दम न घेणारा. मास्तर मुद्दाम पंधरा मिनिटं लवकर येऊन जिन्यात त्याला गाठायचे.

"काय म्हणतोय समुद्र?"

"काय सांगू मास्तर, खाडीच्या तोंडाशी नुसता हिरवा गाळ! आणि गोदीपाशी कुणीतरी तेल सोडलंय हो, पाण्यावर रंग तरंगतायत. तो मोठा नाला तर विचारूच नका, मी श्वास धरून बाटली भरली आणि पळालो."

झालं. हिरवा गाळ म्हणजे शेवाळ, सहा. गोदी म्हणजे तेल, पाच. नाला म्हणजे सडका, आठ. बाटल्यांचे नंबर इंजिनीअर बदलून टाकायची, पण चंबू दिव्यासमोर धरला की हिरवट झाक कशात आहे आणि तळाला बारीक गाळ कुठे आहे, ते दिसायचंच. दहांत एक चंबू साध्या गाळलेल्या पाण्याचा असायचा, वास घेणारा थापा मारतो का हे पकडायला. तोही मास्तरांनी हेरला होता. ताजं गाळलेलं पाणी तापवलं की काचेला आतून बारीक बुडबुडे धरतात. बुडबुडे दिसले की शून्य. थोडक्यात, लाखमोलाचं ते यंत्र आठ महिने बाटलीवाल्याच्या गप्पांवर शिकत होतं, आणि हे बाटलीवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

पण गप्पा म्हणजे वास नव्हे. सोंडेचे आणि मास्तरांचे आकडे फाटायला लागले. कधी दहांत सात जुळायचे, कधी पाच. इंजिनीअर रविवारीही येऊ लागली. सोंडेचे सगळे भाग तिने दोनदा सोडवले आणि पुन्हा जोडले. कप्तान तिच्या खुर्चीमागे येऊन न बोलता उभा राहायचा, जे बोलण्यापेक्षा वाईट. आणि आकडे जुळले नाहीत की दर वेळी ती पांढऱ्या खोलीच्या दारात येऊन म्हणायची, "सॉरी मास्तर. परत चुकली."

"असू दे गं," मास्तर म्हणायचे. "होतं असं."

ते म्हणताना त्यांना लाज वाटायची. पण लाज वाटते म्हणून माणूस गप्प बसायचा थांबतो, असं थोडंच आहे.

मग बाटलीवाल्याचा घसा बसला. साधासुधा नाही, पार बसला. डॉक्टरांनी त्याला दहा दिवस एक शब्द बोलायला बंदी केली, म्हणजे फाशीच दिली बिचाऱ्याला. सोमवारी जिन्यात मास्तरांनी विचारलं, "काय म्हणतोय समुद्र?" बाटलीवाल्याने घशाकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. मास्तरांनी खुणेने विचारलं, हिरवं? तेल? त्याने दोन्ही हात हवेत असे काही फिरवले की त्यातून वादळही निघालं असतं आणि लग्नाची वरातही. वर त्या आठवड्यात समुद्र शांत होता, सगळे चंबू सारखेच स्वच्छ दिसत होते. मास्तरांनी अंदाजपंचे आकडे टाकले. सोमवारी दहांत दोन जुळले. बुधवारी एक.

गुरुवारी कप्तानने सगळ्यांना गोळा केलं. सगळे म्हणजे चौघं, त्यातला एक मुका. "येत्या सोमवारी गोड्या पाण्याच्या कारखान्याची माणसं येतायत," तो म्हणाला. "स्वतःच्या बाटल्या घेऊन. मास्तर आणि सोंड त्यांच्यासमोर वास घेणार. आकडे जुळले तर यंत्र त्यांच्याकडे लागेल. नाही जुळले तर कुलूप लावून चावी घरमालकाला देऊ." मग इंजिनीअरकडे न बघता म्हणाला, "सोंड मास्तरांचं का ऐकत नाही, हे मला शनिवारपर्यंत कळलं पाहिजे. तुला जमत नसेल तर तसं सांग. मी दुसरं कुणीतरी बघतो."

मुलीने मान खाली घातली. मास्तरांनीही घातली.

शुक्रवारी दुपारी मास्तर पांढऱ्या खोलीत बसले होते तेव्हा दार वाजलं. इंजिनीअर आत आली. तिच्या हातात कागद होता.

"कप्तानला संध्याकाळी देणार आहे," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं."

राजीनामा होता. चार ओळींचा. 'माझी पात्रता कमी पडली' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"अगं, पण..."

"नाही मास्तर, मी खूप प्रयत्न केला. हा आजचा सात नंबरचा चंबू बघा. तुम्ही शून्य दिलंय. ती सडका, नऊ म्हणते. नऊ! जुन्या नोंदींवर मी तिला चौदा वेळा नव्याने शिकवली, तुमचा प्रत्येक आकडा घालून. ती तेवढ्यापुरतं ऐकते आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मला आता स्वप्नातसुद्धा आकडे दिसतात. माझ्यातच काहीतरी कमी आहे. नाहीतर तुमच्यासारखं नाक समोर असताना एवढं साधं यंत्र मला शिकवता येऊ नये?"

बोलता बोलता तिला रडू फुटलं. मास्तर कागदाकडे बघत राहिले. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. ती गेली असती, दुसरी कुणी आली असती, सोमवारी 'सर्दी झालीय' म्हणून वेळ मारून नेता आली असती, आणि दहाच्या ठोक्याला ते दार पुन्हा उघडलं असतं. पण दार उघडून 'आलात?' म्हणणारी तर हीच होती, आणि ती स्वतःला नालायक समजून चालली होती.

"फाड तो कागद," मास्तर म्हणाले. "सोंड बरोबर आहे. चुकतोय मी. मला वास येत नाही. आठ महिने झाले, काहीच येत नाही."

मुलीने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे अशा मायेने बघितलं की मास्तरांना काही कळेना.

"तुम्ही किती चांगले आहात हो," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी स्वतःवर घेऊ नका. माझी नोकरी वाचावी म्हणून तुम्ही तुमचं नाव घालवणार?"

आली का पंचाईत! आठ महिने खोटं बोललो तर ते खरं ठरलं, आणि आता खरं बोललो तर ही त्याला चांगुलपणा म्हणतेय.

"खालच्या फडताळातली बारा नंबरची बरणी आण," मास्तर म्हणाले.

ती बरणी कंपनीत कुणी कधी उघडत नसे. कोळंबीची डोकी आणि समुद्रातलं गवत महिनाभर पाण्यात कुजवून ती केलेली होती. सोंडेला 'बारा' म्हणजे काय ते कळावं म्हणून वर्षातून एकदा ती गच्चीवर नेऊन उघडायचे. मुलगी नको नको म्हणत राहिली. शेवटी मास्तर स्वतः उठले, बरणी आणली, टेबलावर ठेवली आणि झाकण फिरवलं.

मुलीने तोंडावर हात दाबला आणि ती दार उघडून बाहेर पळाली. पॅसेजमधून तिच्या ओकाऱ्यांचा आवाज आला. पलीकडच्या खोलीतून कप्तान ओरडला, "कोण मेलं?" मास्तर बरणीवर वाकले. डोळे मिटून त्यांनी दोनदा खोल श्वास घेतला. आत गेली ती नुसती हवा, जराशी थंड. त्यांनी झाकण लावलं आणि दाराकडे बघितलं. मुलगी चौकटीला धरून उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती त्यांच्याकडेच बघत होती.

"आता बोल," मास्तर म्हणाले. "मी कुणासाठी खोटं बोलतोय?"

तिला पटायला तेवढं पुरलं. मग ती जी भडकली! आणि तिने भडकायलाच हवं होतं.

"आठ महिने? आठ महिने मी तुम्हाला सॉरी म्हणत होते! रोज त्या दारात येऊन! आणि तुम्ही मला म्हणायचात, असू दे. मला माफ करत होतात तुम्ही!"

"हो," मास्तर म्हणाले.

"का?"

"दहा वाजता तू दारात असतेस, म्हणून."

तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि नव्हतंच. ती बेसिनपाशी गेली, तोंड धुतलं, बराच वेळ पाणी चालू ठेवलं. परत आली तेव्हा ती पुन्हा इंजिनीअर झाली होती.

"नक्की तारीख सांगा. तेव्हापासूनचे तुमचे सगळे आकडे मला काढून टाकावे लागतील."

मास्तरांनी पडशाचा महिना सांगितला. तिने पहिल्या वर्षीची सोंड, म्हणजे तेव्हा शिकवलेली तिची जपून ठेवलेली प्रत, पडद्यावर घेतली. आजवर सोंडेने हुंगलेल्या प्रत्येक पाण्याची नोंद होतीच. ती सगळी त्या जुन्या सोंडेपुढून जाऊ दिली आणि शेजारी मास्तरांची वही मांडली. यंत्र अर्धा तास घरघरत राहिलं. राजीनाम्याचा कागद तिने त्यातच कधीतरी चार तुकडे करून टोपलीत टाकला. मग पडद्यावर रेषा उमटल्या आणि ती पुढे सरकली.

"मास्तर, आठ महिने नाहीत हे."

"म्हणजे?"

"मातीचा वास आठ महिन्यांपूर्वी गेलाय, बरोबर. ती ही खालची रेघ. पण मासळी त्याच्या आधी वर्षभर गेलीय. आणि सडका वास..." तिने बोट ठेवलं. "हा सगळ्यांत आधी. बरोबर दोन वर्षांपूर्वी. एकदम तुटलाय. त्यानंतर तुम्ही सडका लिहिलंय ते फक्त नाल्याच्या बाटल्यांना. बाटलीवाला सांगत असेल नाला म्हणून, आणि तुम्हाला तो आल्यासारखा वाटत असेल. बाकी सगळीकडे शून्य."

"दोन वर्षं," मास्तर म्हणाले.

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं ना. मग त्यात तुमचा काय दोष?" तिच्या रागातही तिला तेवढं म्हणावंसं वाटलं.

मास्तर बोटांवर महिने मोजत होते. मोजून झाले तरी मोजत होते.

कप्तानला मास्तरांनीच सांगितलं, सगळं, बाटलीवाल्याच्या गप्पांसकट. त्यांना वाटलं होतं तो आरडाओरडा करेल. पण कप्तान म्हणाला, "म्हणजे सोंड बरोबर होती? सगळा वेळ? पहिली सोंड?" आणि त्याने इंजिनीअरला हाताला धरून उठवलं आणि नाचायलाच लागला. जुनी सोंड लावा, सोमवारी तीच लावा, वास घ्यायला माणूस त्यांनाच आणू दे, अरे नाकापेक्षा खरं निघालं यंत्र! बाटलीवालाही जिन्यावरून धावत आला आणि घोगऱ्या आवाजात पहिल्यांदा बोलला, "काय झालं, काय झालं?" त्या गडबडीत मास्तरांनी आपली पिशवी उचलली. मुलीने मान वळवून बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण कप्तान तिला काहीतरी विचारत होता. मास्तर जिना उतरले.

घरी येऊन त्यांनी दिवा लावला आणि पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. बायकोचे शेवटचे सात महिने त्या पलंगावर गेले होते. पाठीला जखमा झाल्या होत्या. नर्स यायची, पुसायची, औषध लावायची, जायची. बायको स्वच्छतेची मोठी भोक्ती, तिला त्या अंगाची फार शरम वाटायची. रोज सकाळी ती विचारायची, "अहो, वास येतो का हो माझा?" आणि मास्तर वाकायचे, कामावर वाकायचे तसेच, डोळे मिटून. दोनदा श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "शून्य." ती हसायची. सव्वा वर्ष मास्तर ज्या एका गोष्टीच्या आधाराने या घरात राहिले होते ती ही होती. तिला त्यांनी धीर दिला होता आणि तो खोटा दिला नव्हता.

त्यांनी मेहुणीला फोन लावला.

"भाऊजी? आज शुक्रवार ना? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. एक विचारायचं होतं. शेवटी शेवटी तिच्या खोलीत वास यायचा का?"

तिकडे भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

"आता कशाला ते, भाऊजी?"

"यायचा का?"

"यायचा. खूप यायचा. जिन्यापासून यायचा. मी दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, ते काय उगीच? शेजारचे दारं लावून घ्यायचे. तुम्हाला माहीत नाही का हे?"

"मग मला बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलणार? तुमच्यासारखं नाक असलेला माणूस तिच्या उशाशी ताट घेऊन जेवायचा. चेहऱ्यावर एक आठी नाही. आम्ही घरी बोलायचो, असा नवरा बघितला नाही."

"आणि तिला? तिला कळत होतं?"

"ताईला? तिचं नाक कुठं गेलं होतं? सगळं कळायचं तिला. एकदा मला म्हणाली, 'ह्यांनी आख्ख्या नोकरीत एक आकडा खोटा दिला नाही गं. माझ्यासाठी रोज सकाळी देतात. मला माहीत असतं, तरी मी मुद्दाम विचारते. त्यांनी माझ्यासाठी खोटं बोललेलं ऐकलं की दिवस बरा जातो.'"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, मी खोटं नव्हतो बोलत," मास्तर म्हणाले. "मला खरंच येत नव्हता वास."

"असंच म्हणणार तुम्ही," मेहुणी म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "तिला तुम्ही तेच सांगायचात, आता मलाही सांगा. जेवून घ्या, भाऊजी. रविवारी करते फोन."

फोन बंद झाला. मास्तर पलंगाकडे बघत बसले. तिने रोज सकाळी ज्या माणसाचा हात धरला होता, जो तिच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता, तो माणूस या घरात कधी नव्हताच. आणि आठवत गेलं तसं त्यांना कळलं की वास आला असता, तर त्यांनी खरा आकडाच सांगितला असता.